डोळ्याचा राखणदार

आमच्या मालवणी मुलखात प्रत्येक गोष्टीला राखणदार असतो. गावाला असतो, वाडीला असतो, विहिरीला आणि वडाच्या झाडाला असतो. एवढेच काय, माडांच्या बागेलाही असतो. तो दिसत नाही. रात्री काठी आपटत तो शिवेवरून फेरी मारतो अशी समजूत आहे, आणि वर्षातून एकदा त्याचा मान त्याला दिला की मग त्याची काही मागणी नसते. शहरात वाढलेले माझे सहकारी प्राध्यापक याला हसतात. वर्गात मीही हसतो; पण अंधार पडल्यावर वडाखालून जाताना माझ्या पायांची गती आपोआप वाढते, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षभरात या राखणदाराची मला वारंवार आठवण झाली. ती मात्र वडाखाली नव्हे, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर. दिवाळीच्या फराळाबरोबर दवाखान्याची गोष्ट वाढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. गोष्ट घरातलीच आहे, आणि तीत चूक कुणाची असेल तर ती माझीच आहे.

झाले असे. गेल्या वर्षी चवथीला दहा दिवस उरले होते. (गणेशचतुर्थीला आमच्याकडे नुसते चवथ म्हटले की पुरे.) भिंतींना रंग चालू होता, मुंबईचे चाकरमानी येणार म्हणून गाद्या-उशा उन्हाची वाट पाहत पडल्या होत्या, आणि ऊन तर मालवणच्या भाद्रपदात मागून मिळत नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना आई म्हणाली, "ज्योत वाकडी दिसता रे माका."

मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "वात नीट कर."

"वातीक काय एक जाला नाय. ह्यो उजवो डोळो झाकलंय काय वाकडी दिसता. मदीच काळा काळा कायतरी येता."

मग मी तो प्रश्न विचारला, जो तुम्हीही विचारला असता. "दुखतो का?"

"नाय गो बाय! दुकणा नाय," असे ती माझ्या बायकोकडे वळून म्हणाली. झाले! त्या एका 'नाय'ने आम्हा तिघांचेही समाधान झाले. "चष्म्याचा नंबर वाढला असेल. चवथ होऊन जाऊ दे, मग बघू," असा निकाल देऊन मी पुन्हा वर्तमानपत्रात शिरलो. मुलीच्या वहीत त्याच आठवड्यात 'कानाडोळा करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी मोठ्या हौसेने लिहून दिला होता. चांगला उपयोग घरातच चालला होता, तो काही मला दिसला नाही.

चवथ आली. माटवी सजली, भजने झाली, अकरा दिवसांनी गणपती समुद्राला पोचला. दुसऱ्या दिवशी घरात बांगडे आले. आई विळीवर बसली आणि पन्नास वर्षांत जे कधी घडले नव्हते ते घडले: तिने बांगड्याऐवजी स्वतःचे बोट कापले. रक्त आले, ती कळवळली, आणि पाच मिनिटांत मी स्कूटर काढून तिला डॉक्टरांकडे नेले. बोटासाठी पाच मिनिटे आणि डोळ्यासाठी बावीस दिवस! हा हिशेब त्या वेळी मनात आला नाही. टाका घालता घालता डॉक्टरांनी सहज विचारले, "आजी, बोट कसे कापले?" तिने ज्योतीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी रक्तदाब पाहिला. तो 180 वर 100 होता. रक्तदाबाच्या गोळ्या तिने श्रावणापासूनच बंद केल्या होत्या. कारण विचारले तर तेच: "काय दुकणा नाय, मगे गोळी कशाक?"

त्याच दुपारी कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, दिव्याने आत पाहिले आणि सांगितले की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची नस अडली आहे. मला काही उमगले नाही, तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढले. ते पाहून मला आमच्या बागेतले शिंपणे आठवले. माडांच्या आळ्यांत पाणी आणणारा एक पाट असतो आणि जादा पाणी बाहेर काढणारा दुसरा. डोळ्याच्या पडद्यावरही रक्त आणणारी रोहिणी आणि रक्त परत नेणारी नीला असते. या दोन नळ्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे त्यांच्यावर एकच वेष्टण असते. रक्तदाबाने रोहिणी वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि शेजारणीला दाबते. दबलेल्या नीलेत एक दिवस रक्ताची गुठळी धरते. बाहेर नेणारा पाट तुंबला म्हणजे आळ्याचे जे होते तेच मग पडद्याचे होते. रक्त मागे साचते, नळ्यांतून पाणी झिरपते आणि पडद्याचा नेमका मधला भाग, ज्याने आपण अक्षर वाचतो आणि माणसाचा चेहरा ओळखतो, तो सुजतो. सुजलेल्या पडद्यावर सरळ ज्योत वाकडी उमटते.

"पण दुखले कसे नाही?" मी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "पडद्याला दुःख कळतच नाही. त्याला फक्त उजेड कळतो."

परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी याच वाक्याचा विचार करत होतो. डोळ्याची पुढची काच, जिला आपण बुबुळाचा पारदर्शक पडदा म्हणतो, ती शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी एक. धुळीचा कण गेला की पापणी मिटते, पाणी येते, माणूस सगळे सोडून डोळा चोळत बसतो. पुढच्या दाराला असा जागरूक राखणदार, आणि मागच्या खोलीत, जिथे खरा ऐवज ठेवला आहे, तिथे कुणीच नाही! तिथे चोरी झाली तरी आरडाओरडा होत नाही. नुसता एक दिवा वाकडा दिसतो.

कुडाळच्या डॉक्टरांनी कोल्हापूरच्या एका पडद्याच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. आमच्याकडच्या मोठ्या आजारांना दोनच वाटा माहीत आहेत. एक पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात बांबोळीला जाते. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा पोर्तुगीज अमदानीतल्या 1842 सालापर्यंत मागे जाते. 2018 साली गोव्याबाहेरच्या रोग्यांना तिथे शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात केवढी चळवळ उठली, यावरून त्या वाटेचे महत्त्व कळावे. दुसरी वाट घाट चढून कोल्हापूर-मिरजेकडे जाते. माझे आजोबा मोतीबिंदूसाठी याच वाटेने मिरजेला, डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली उभारलेल्या मिशन इस्पितळात गेले होते. आम्ही फोंडा घाटाने निघालो. मालवणहून कोल्हापूर गाठायला चार तास लागले.

हे चार तास मी मुद्दाम सांगतो आहे. आईची नीला अडली होती; दैव बलवत्तर की रोहिणी नव्हे. रोहिणी अडणे म्हणजे आळ्यात पाणीच न येणे. मग पीक कुजत नाही, करपते. डॉ. सोहनसिंग हयरेह हे पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात नावाजलेले नेत्रतज्ज्ञ. त्यांनी माकडांवर प्रयोग करून पाहिले की पडद्याची मुख्य रोहिणी सुमारे 97 मिनिटे बंद राहिली तर कायमचे नुकसान दिसत नाही; 240 मिनिटे बंद राहिली तर मात्र पडदा जवळजवळ पूर्णपणे आणि कायमचा जातो. 240 मिनिटे म्हणजे बरोबर चार तास! म्हणजे मालवणच्या बाजारात एखाद्याची रोहिणी अडली आणि तो त्याच क्षणी गाडीत बसला, तरी कोल्हापूर दिसेपर्यंत त्या डोळ्याचा निकाल लागलेला असायचा. म्हणून एका डोळ्यापुढे एकाएकी पडदा पडला तर तो मेंदूच्या झटक्याचाच भाऊ समजावा, आणि चष्म्याच्या दुकानात न जाता जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच घटकेला धाव घ्यावी, असे हल्लीचे डॉक्टर सांगतात.

कोल्हापूरच्या तज्ज्ञांनी तपासण्या केल्या आणि शांतपणे सांगितले की डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल. महिन्याला एक, आधी तीन, पुढचे पुढे पाहू.

"डोळ्यात?" मी विचारले.

"डोळ्यात," ते म्हणाले.

आईने माझा हात घट्ट धरला. तिने आयुष्यात दोन बाळंतपणे घरी केली, एकदा पायात लागीचा काटा मोडला तो स्वतः काढला. पण डोळ्यात सुई, हे शब्द ऐकून तिच्या तोंडचे पाणी पळाले. खरे सांगायचे तर माझ्याही. आपल्या भाषेत डोळ्यात तेल घालून जागतात, डोळ्यात अंजन घालतात, फार तर धूळ फेकतात. सुई कुणी घालत नाही.

"आधी भुलीचा थेंब घालणार आहे आजी," डॉक्टर म्हणाले. "काही कळायचं नाही बघा."

'भूल' हा शब्द मराठीच्या मास्तराला विचार करायला लावणारा आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोह, रानात वाट चुकली की आपण भूल पडली म्हणतो, आणि शस्त्रक्रियेआधी देतात तीही भूलच. या शेवटच्या भुलीचा डोळ्यापुरता इतिहास फार मनोरंजक आहे. पूर्वी क्लोरोफॉर्म होते. पण शुद्धीवर येताना रोगी ओकू लागे आणि त्या उमाळ्याने डोळ्यावरचे ताजे काम बिघडण्याची भीती असे. 1884 साली व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड, तेच पुढे मनोविश्लेषणामुळे गाजलेले, कोकेनचा अभ्यास करत होते. त्यांच्या ओळखीचा कार्ल कोलर नावाचा अवघ्या 26 वर्षांचा डॉक्टर डोळे बधिर करणारे औषध शोधत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांच्या अनुभवाचे होते. पण जिभेवरून डोळ्याकडे उडी घेतली ती कोलरने. त्याने बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला, मग सशाच्या, आणि शेवटी स्वतःच्या व आपल्या सोबत्याच्या. टाचणीच्या डोक्याने एकमेकांच्या बुबुळाला स्पर्श करून पाहिले, तर काही कळेना! 15 सप्टेंबर 1884 रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. कोलरपाशी प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. पुढे कोकेनचे दोष ध्यानात आले. 1905 साली नोव्होकेन आले, 1943 साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. दातवाल्याकडे गेलेल्या प्रत्येकाला ते झायलोकेन या नावाने ठाऊक आहे. परंतु थेंबाची मूळ युक्ती त्या गरीब तरुणाचीच.

आईला आत नेले तेव्हा मी दाराच्या काचेतून पाहत होतो. थेंब पडले. अर्ध्या मिनिटात डोळा बधिर झाला. जंतुनाशकाने डोळा धुतला, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवल्या. बुबुळाच्या कडेपासून चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागात, केसासारखी बारीक सुई गेली. औषध किती, तर 0.05 मिलिलिटर, म्हणजे भुलीच्या एका थेंबाएवढेच. 

"झिला, सुई कदी मारतलंस?" आईने विचारले.

"झाली की आजी!" डॉक्टर हसून म्हणाले.

बाहेर आल्यावर आईची भीती गेली आणि तिच्यातली संसारी बाई जागी झाली. "ती थेंबाची बाटली घराक दिशात काय?" तिने डॉक्टरांना विचारले. "कांदो कापताना बरी पडात." डॉक्टर मात्र या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "नाही आजी. हा थेंब दवाखान्यातच. डोळ्याला दुखणं कळेनासं झालं तर कचरा गेला तरी समजायचं नाही, आणि थेंब पुन्हा पुन्हा घातला तर काचच खराब होते. दुखणं हे डोळ्याचं राखण आहे." त्यांनी हा शब्द वापरला आणि आई चटकन समजली. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "म्हंजे तेणी राखणदाराक घटकाभर निजवल्यान, आनि सुई घातल्यान." विश्वविद्यालयात कुणी भुलीची याहून सोपी व्याख्या केली असेल असे मला वाटत नाही. पंधरा-वीस मिनिटांत राखणदार पुन्हा जागा होतो. डोळा थोडा चुरचुरतो, ती त्याची पहिली हाक.

पण या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आमच्या शेजारी एक निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांच्या कपाटात जुनी वैद्यकाची पुस्तके आहेत. त्यांनी मला सांगितले की 1940-50 च्या सुमारास भुलीच्या औषधानेच डोळ्याच्या तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करू पाहत. मानेच्या तळाशी मज्जातंतूंची एक गाठ आहे. ती नळ्यांना आवळण्याचा हुकूम देते. तिथे नोव्होकेन टोचून ती बधिर केली तर नळ्या सैल पडतील आणि रक्त वाहू लागेल, अशी कल्पना. कल्पना चुकीची म्हणता येणार नाही. नळी नुसती आवळली असती तर ती लागूही पडती. परंतु बहुतेक वेळा नळी आवळलेली नसते, तिच्यात गुठळी नाहीतर कसला तरी कण अडकलेला असतो. पाटात दगड पडला असेल तर पाटकऱ्याला झोपवून पाणी वाहत नाही! या उपायाने डोळे वाचतात असा पुरावा मिळाला नाही, आणि तो मागे पडला. आता भुलीचे काम फक्त वाट मोकळी करून देण्याचे. नस ती उघडत नाही, डॉक्टरच्या सुईला दार उघडते.

सुईतले औषधही नस उघडत नाही, हे मला उशिरा कळले. रक्त कमी पडले की पडदा एक प्रथिन सोडतो. जणू 'नव्या नळ्या काढा' अशी हाक घालतो. त्या हाकेने आहेत त्या नळ्याही पाझरू लागतात आणि सूज वाढते. औषध ही हाक दाबते. सूज उतरते आणि तोवर शरीर आडवाटेने रक्त वळवायला शिकते. 2004 साली आतड्याच्या कर्करोगासाठी बाजारात आलेले बेव्हासिझुमॅब 2005 पासून डोळ्यांचे डॉक्टर याच कामासाठी वापरू लागले. त्याचेच भावंड रॅनिबिझुमॅब. नीला अडलेल्या रोग्यांसाठी त्याला अमेरिकेत 2010 साली मान्यता मिळाली, आणि 2015 साली त्याची भारतीय आवृत्ती निघाल्यावर ते मध्यमवर्गाच्या थोडे आवाक्यात आले. थोडेच. दर वेळी घाट, दर वेळी गाडी, दर वेळी औषध, असे सहा फेरे आम्ही वर्षात केले. मुलीच्या सहलीचे आणि घराच्या कौलांचे पैसे त्यात गेले. त्याचे मला दुःख नाही.

दुःख दुसरेच आहे. सहाव्या फेऱ्यानंतर आईला त्या डोळ्याने वर्तमानपत्राचे मथळे वाचता येऊ लागले. बारीक अक्षर येत नाही. मी डॉक्टरांना एकांतात गाठून विचारले, "बावीस दिवस आधी आलो असतो तर?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लवकर आला असता तर बरं झालं असतं. किती बरं, ते कुणालाच सांगता यायचं नाही." ते दयाळू गृहस्थ आहेत. त्यांनी मला दोषी म्हटले नाही आणि निर्दोषही म्हटले नाही. डोळ्यात घालायची भूल पंधरा मिनिटांत उतरते. माझी भूल बावीस दिवस टिकली होती आणि तिच्यावर उतारा नाही.

आई मला काही बोलली नाही. एकदाच, गोळ्यांची डबी पुढे करत मी "घेतलीस का?" असे ओरडलो तेव्हा ती म्हणाली, "घेतलंय रे. आता तू इचारतंस ता बरा जाला. तेवा नुसता दुकता काय म्हणान इचारलंस." मी वर्तमानपत्र उचलले, पण त्यात डोके घालायचे धाडस झाले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक प्रघात पडला आहे. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून झाले, पोह्यांची ताटे मांडली गेली, आणि पोह्यांना हात लावण्यापूर्वी मी सर्वांना भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभे केले. आमच्या मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेली ही दिनदर्शिका घरोघर आहे, आणि तिच्यावरच्या चौकटी सरळ आहेत. चष्मा असेल तर तो घालायचा, आधी एक डोळा तळहाताने झाकायचा, मग दुसरा. चौकटी सरळ दिसतात का, एखादा आकडा गळतो का, मध्ये डाग येतो का, एवढेच पाहायचे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचे उणे झाकतो, घरातल्या मोठ्या भावासारखा; म्हणून एकेकाची हजेरी वेगळी घ्यावी लागते. डॉक्टरांकडे यासाठी चौकटींचा वेगळा कागद असतो, आणि ही हजेरी म्हणजे काही तपासणी नव्हे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच, डॉक्टरकडून बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा. परंतु राखणदार नसलेल्या घरात कुणीतरी रोज कडी लावलेली पाहावीच लागते. पाहायला अर्धे मिनिट पुरते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही वेगळे दिसते म्हटले, तर 'दुखते का' हा प्रश्न शेवटी विचारावा; पहिला प्रश्न 'कधीपासून' हा असावा.

यंदा चवथीला दिवा लावल्यावर मी तिला विचारले, "ज्योत कशी दिसते?" ती उजवा डोळा झाकून बराच वेळ पाहत राहिली. "आदीपरीस बरी," ती म्हणाली, "पण वायच वाकडी असाच."

पुढची तपासणी कार्तिकात आहे. कालनिर्णयातल्या त्या तारखेभोवती मी लाल शाईने गोल काढून ठेवला आहे, आणि फोंडा घाटाची गाडी आतापासूनच सांगून ठेवली आहे.